गजबजलेल्या रेस्टॉरंटांच्या भागात संध्याकाळी नियमात बसणारे पार्किंग कसे शोधावे

रेस्टॉरंटांची दाटी असलेल्या भागात संध्याकाळी गाडी लावणे अवघड जाते, याचे कारण केवळ गाड्यांची गर्दी हे नाही. दिवसाचे नियम याच दोन-तीन तासांत संपत असतात आणि रात्रीचे नियम याच वेळी सुरू होत असतात. ज्या रस्त्याची कड सायंकाळी सहापर्यंत मालवाहू गाड्यांसाठी राखीव असते, ती सहानंतर सर्वांसाठी खुली होते. शेजारच्या गल्लीत मात्र त्याच सुमारास फक्त रहिवाशांच्या परवान्याचा नियम लागू होतो. त्यामुळे ‘आत्ता इथे गाडी लावता येते का’ हा प्रश्न संध्याकाळी अपुरा पडतो. गाडी पुन्हा बाहेर काढेपर्यंतचे प्रत्येक मिनिट ही जागा नियमात बसते का, असे विचारावे लागते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एकाच प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी आहेत.

कालावधी आधी, जागा नंतर

गाडी किती वेळ उभी राहणार हे ठरल्याशिवाय कोणताही फलक वाचण्यात अर्थ नसतो. बहुतेक लोक टेबलावर बसल्यापासून उठेपर्यंतचा वेळ धरतात आणि तिथेच हिशेब चुकतो. गाडी लावून चालत जाणे, टेबल मिळेपर्यंत ताटकळणे, प्रत्यक्ष जेवण, बिल येईपर्यंतचा वेळ, निरोप घेताना लांबलेल्या गप्पा आणि परत गाडीपर्यंत चालणे हे सगळे त्यात धरायला हवे. दोघांच्या साध्या जेवणाला सगळे मिळून दोन तास आणि मोठ्या गटाला साडेतीन तास धरणे सुरक्षित आहे. त्यावर अर्धा तास शिलकीत ठेवावा. म्हणजे साडेसातला गाडी लावणाऱ्या मोठ्या गटाला साडेअकरापर्यंत चालेल अशी जागा हवी, आणि अकराला दरवाजे बंद करणारे वाहनतळ कितीही सोयीचे दिसले तरी त्यांच्या उपयोगाचे नाही.

जेवणासोबत मद्य घेण्याचा बेत असेल तर शक्यतो गाडी नेऊच नये. नेलीच, तर ती रात्रभर तिथेच राहणार असे समजून जागा निवडावी. याकडे फार थोडे लोक लक्ष देतात, पण माझ्या मते संध्याकाळच्या पार्किंगमधला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. सकाळी सातला रस्ता झाडण्यासाठी गाड्या उचलल्या जातात, सकाळच्या गर्दीसाठी कडेची मार्गिका मोकळी करावी लागते, एखाद्या रस्त्यावर पहाटेपासून बाजार भरतो. आणि आपली गाडी उचलली जाईल या धास्तीने, एरवी शहाणा असलेला माणूस, चालवू नये अशा अवस्थेत किल्ली हातात घेतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत चालेल अशी जागा आधीच निवडली असेल तर त्याच्यावर हा दबाव येत नाही.

निघण्यापूर्वीची पाहणी

ऑनलाइन नकाशावर रेस्टॉरंटांचा पट्टा शोधावा आणि त्याच्याभोवती पाच ते दहा मिनिटांच्या चालीचे वर्तुळ मनात आखावे. सामान्य चालीने मिनिटाला सुमारे ८० मीटर अंतर कापले जाते, म्हणजे पाच मिनिटांत ४०० मीटर आणि दहा मिनिटांत ८०० मीटर. अंतर दुप्पट केले की वर्तुळाचे क्षेत्रफळ चौपट होते, त्यामुळे आणखी पाच मिनिटे चालायची तयारी ठेवणाऱ्याला गाडी लावण्यासाठी साधारण चौपट रस्ते उपलब्ध होतात. शिवाय मध्यापासून दूर जाऊ तशी स्पर्धाही कमी होत जाते.

या वर्तुळात तीन प्रकारच्या जागा शोधाव्यात. पहिला प्रकार म्हणजे सार्वजनिक वाहनतळ, मग ते बहुमजली असोत, जमिनीखालचे असोत किंवा मोकळ्या मैदानावरचे. दुसरा म्हणजे कार्यालये आणि बँका असलेले रस्ते, कारण तिथली गर्दी सहा-सातच्या सुमारास ओसरते आणि रस्त्याकडेच्या जागा नेमक्या जेवणाच्या वेळी मोकळ्या होतात. तिसरा म्हणजे रेल्वे, मेट्रो किंवा बसचे असे स्थानक, जिथे गाडी ठेवून शेवटचे एक-दोन थांबे सार्वजनिक वाहनाने जाता येते. निवासी गल्ल्या मी यात मुद्दाम धरत नाही. तिथे संध्याकाळी परवान्याचे नियम लागू असण्याची शक्यता सर्वाधिक असते, आणि नियम नसला तरी दिवसभराचे काम आटोपून घरी परतणाऱ्या माणसाच्या दारासमोरची जागा आपण अडवत असतो.

नकाशावरील रस्त्यांची छायाचित्रे पाहून फलकांचा अंदाज घेता येतो, परंतु छायाचित्र केव्हा काढले ते आधी पाहावे. दोन-तीन वर्षांत नियम सहज बदललेले असतात. महापालिकेच्या किंवा वाहतूक विभागाच्या संकेतस्थळावर पार्किंगचे विभाग, दर आणि वेळा बहुधा दिलेल्या असतात, आणि छायाचित्रापेक्षा ही माहिती अधिक विश्वासार्ह असते.

रेस्टॉरंटला फोन करून टेबल राखून ठेवणार असाल तर त्याच वेळी पार्किंगची चौकशी करावी. मात्र ‘पार्किंग आहे का’ एवढेच विचारू नये, कारण त्याला ‘हो, आजूबाजूला मिळते’ असेच उत्तर येते. तुमची स्वतःची जागा आहे का, किती गाड्यांची आहे, ती आधी राखून ठेवता येते का, रात्री किती वाजता बंद होते, जवळच्या वाहनतळाशी काही ठरलेले आहे का आणि त्यासाठी पावतीवर शिक्का घ्यावा लागतो का, असे नेमके प्रश्न विचारावेत. शिक्क्याची सोय असूनही ती माहीत नसल्याने पूर्ण शुल्क भरणारे लोक पुष्कळ असतात, आणि बाहेर पडण्याच्या फाटकाशी पोहोचल्यावर ही सोय कळून उपयोग नसतो.

टेबलाची वेळ आपल्या हातात असेल तर ती विचारपूर्वक निवडावी. कार्यालये सुटल्यानंतर आणि जेवणाची मुख्य गर्दी सुरू होण्यापूर्वी एक छोटी फट असते. कडेच्या जागा त्या वेळी सर्वांत जास्त मोकळ्या असतात. ही फट हुकली तर पहिली पंगत उठेपर्यंत थांबणे शहाणपणाचे, कारण मधल्या तासात जवळजवळ कोणीच निघत नाही आणि सगळेच येत असतात.

फलक कसे वाचावेत

पहिले पार्किंग मीटर १६ जुलै १९३५ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटीमध्ये बसवले गेले. आसपास काम करणारे लोक दिवसभर गाड्या लावून ठेवत आणि दुकानांच्या ग्राहकांना जागा उरत नसे, ही तेव्हाची अडचण होती. म्हणून पार्किंगचे बरेचसे नियम दिवसाच्या व्यवहारांसाठी आखले गेले आणि संध्याकाळी सैल होतात. पण जिथे रात्रीची वर्दळ वाढली तिथे शहरांनी मीटरच्या वेळा रात्रीपर्यंत वाढवल्या. ‘सहानंतर सगळे मोफत’ हा समज म्हणूनच रेस्टॉरंटांच्या भागात धोक्याचा आहे.

फलक वाचताना एक ठरावीक क्रम पाळावा. आधी मनाई आहे की परवानगी, ते पाहावे. त्यानंतर वार, मग तास, मग वाहनाचा प्रकार, मग जास्तीत जास्त किती वेळ थांबता येते ते, आणि शेवटी बाण. एकाच खांबावर तीन-चार फलक असतील तर त्यातले सगळे लागू असतात. आपल्या सोयीचा एक निवडता येत नाही. वरचा फलक संध्याकाळी दोन तास परवानगी देत असेल आणि खालचा त्याच वेळी परवान्याची अट घालत असेल, तर परवाना नसलेल्याला तिथे जागा नाही. अर्थ लागत नसेल तर कडक अर्थ खरा मानून पुढे जावे. वाद घालण्याची वेळ येते तेव्हा समोर फलक नसतो, दंडाची नोटीस असते.

चिन्हांच्या बाबतीत १९६८ च्या व्हिएन्ना करारामुळे पुष्कळ देशांत एकसारखेपणा आला आहे. निळ्या वर्तुळाला लाल कडा आणि त्यावर एकच तिरकी लाल पट्टी असेल तर पार्किंगला मनाई आहे, पण प्रवासी उतरवण्यापुरते किंवा सामान चढवण्यापुरते थांबता येते. दोन पट्ट्या एकमेकींना छेदत असतील तर तेवढे थांबणेही चालत नाही. सोबतच्या वृद्ध माणसाला रेस्टॉरंटच्या दाराशी उतरवायचे असेल तेव्हा हा फरक फार उपयोगी पडतो. त्याच करारात सम-विषम तारखांसाठीही चिन्हे आहेत: एका उभ्या रेघेचे चिन्ह असलेल्या बाजूला विषम तारखेला पार्किंगला मनाई असते आणि दोन रेघांचे चिन्ह असलेल्या बाजूला सम तारखेला. दिवसा याची अडचण नसते. रात्री नऊला योग्य बाजूला लावलेली गाडी मात्र तारीख पालटताच चुकीच्या बाजूला उभी असल्याचे ठरू शकते, आणि बाजू पालटण्याची नेमकी वेळ देशागणिक वेगळी असते. उशिरापर्यंत थांबायचे असेल तर असा रस्ता सरळ टाळावा.

कडेच्या रंगांबाबत तर परक्या शहरात काहीच गृहीत धरू नये. ब्रिटनमध्ये रस्त्याच्या कडेला एक पिवळी रेघ असेल तर मनाई ठरावीक वेळेपुरती असते, आणि ती वेळ जवळच्या फलकावर किंवा विभागाच्या प्रवेशद्वाराशी दिलेली असते. दोन पिवळ्या रेघा असतील तर मनाई दिवस-रात्र लागू असते. कॅलिफोर्नियात मात्र पदपथाच्या कडेला दिलेला पिवळा रंग माल चढवण्या-उतरवण्याची जागा दाखवतो, हिरवा मर्यादित वेळेचे पार्किंग दाखवतो आणि लाल पूर्ण मनाई. जर्मनीत अनेक ठिकाणी पैशांऐवजी काचेमागे ठेवायची निळी तबकडी वापरतात आणि तिचा काटा पोहोचल्यानंतरच्या पुढच्या अर्ध्या तासावर लावायचा असतो. सहा वाजून चाळीस मिनिटांनी पोहोचलेल्याने तो सातवर लावायचा.

फलक गाडीच्या शेजारीच असेल अशी अपेक्षा ठेवू नये. नियम बहुधा फलकापासून पुढच्या चौकापर्यंत लागू असतो, म्हणून गल्लीच्या दोन्ही टोकांपर्यंत चालत जाऊन पाहावे. विभागवार पार्किंगची पद्धत जिथे आहे, तिथे फलक फक्त विभागात शिरण्याच्या ठिकाणी असतो आणि आतल्या रस्त्यांवर एकही नसतो. फलक दिसत नाही म्हणजे नियम नाही, असे त्यामुळे ठरत नाही. झाडाला बांधलेले किंवा सुट्या खांबावरचे तात्पुरते फलक विशेष लक्षपूर्वक वाचावेत. मिरवणूक, चित्रीकरण, रस्त्याची दुरुस्ती किंवा घरसामान हलवणे यांसाठी लावलेली तात्पुरती मनाई कायमच्या परवानगीवर मात करते, आणि अंधारात असे फलक नजरेतून सहज निसटतात.

मध्यरात्र ओलांडणाऱ्या वेळा हा आणखी एक सापळा आहे. ‘सोमवार ते शुक्रवार, रात्री ८ ते सकाळी ८’ असे लिहिले असेल तर शुक्रवारी रात्री सुरू झालेली मनाई शनिवारी सकाळपर्यंत चालते असेच समजावे. सुट्टीच्या दिवशी नियम शिथिल होतो की नाही हे शहरागणिक बदलते, तेव्हा सणासुदीच्या संध्याकाळी ही गोष्ट आधी तपासून घ्यावी.

फलक नसतानाही जिथे मनाई असते

चौकाचे कोपरे, पादचाऱ्यांचे पट्टे, बसथांबे, अग्निशामक नळ, इमारतींची प्रवेशद्वारे, पदपथ आणि सायकलींची मार्गिका यांच्यासाठी वेगळा फलक लागत नाही. अंतरे मात्र कायद्यानुसार बदलतात. जर्मनीत पादचारी पट्ट्याच्या आधी ५ मीटर मोकळे सोडावे लागतात, तर न्यूयॉर्कमध्ये अग्निशामक नळाच्या दोन्ही बाजूंना १५ फूट, म्हणजे साधारण साडेचार मीटर. अनोळखी ठिकाणी अंतर माहीत नसेल तर गाडीच्या दीड लांबीएवढी जागा सोडावी. एखादी जागा हातची जाईल, पण कोपऱ्यावरून रस्ता ओलांडणारे मूल वळणाऱ्या चालकाला वेळेत दिसेल. गर्दीच्या संध्याकाळी सगळ्यांत शेवटी शिल्लक राहणारी ‘मोकळी’ जागा बहुधा कोपऱ्याचीच असते, आणि ती मोकळी का राहिली याचे कारण तिथेच असते.

पदपथाची कड जिथे रस्त्याच्या पातळीपर्यंत उतरवलेली असेल तिथे गाड्यांचे प्रवेशद्वार किंवा चाकाच्या खुर्चीचा उतार असतो. रात्री फाटक बंद दिसले तरी तिथे गाडी लावू नये. अपंगांसाठी राखीव जागा दुकाने बंद झाली म्हणून खुली होत नाही. विद्युत वाहनांच्या चार्जिंगची जागा बहुतेक ठिकाणी केवळ चार्जिंग चालू असेपर्यंतच वापरता येते, त्यामुळे तीन तासांच्या जेवणासाठी तिथे गाडी ठेवणे चार्जिंगची गरज असलेल्याला ताटकळत ठेवणे ठरते. गाडीचे तोंड कोणत्या दिशेला आहे यालाही महत्त्व आहे: ब्रिटनमध्ये रात्री आखलेल्या जागेखेरीज रहदारीच्या उलट दिशेला तोंड करून गाडी उभी करता येत नाही, आणि अनेक देशांत हा नियम दिवसाही लागू असतो. दुचाकीस्वारांनी ‘एवढीशी तर गाडी आहे’ म्हणून पदपथावर चढू नये; आखलेल्या जागेत काटकोनात लावलेली दुचाकी इतर दुचाकींनाही जागा ठेवते.

प्रत्यक्ष पोहोचल्यावर

जागा शोधायला सुरुवात मध्यापासून करू नये. रेस्टॉरंटच्या दारापाशी जायचे, तिथे जागा नाही म्हणून फेरी मारायची, मग फेरीचे वर्तुळ हळूहळू वाढवायचे, ही सर्वांची नैसर्गिक पद्धत आहे आणि सर्वांत जास्त वेळ तीच खाते. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी १९२७ ते २००१ या काळात निरनिराळ्या शहरांत झालेल्या पाहण्या एकत्र मांडल्या, तेव्हा गर्दीच्या भागांत जागा शोधायला सरासरी सुमारे ८ मिनिटे लागत असल्याचे आणि तिथल्या रहदारीतल्या सरासरी ३० टक्के गाड्या केवळ जागेच्या शोधात फिरत असल्याचे दिसले. या पाहण्या मुळातच गर्दीच्या ठिकाणी केलेल्या होत्या, म्हणून ते आकडे सर्वत्र लागू होत नाहीत. पण रेस्टॉरंटांचा भाग हे नेमके तसेच ठिकाण असते. आठ मिनिटांत माणूस सहाशे मीटरांहून अधिक चालतो. दारासमोरून फेऱ्या मारण्यात गेलेला वेळ दोन चौक अलीकडे गाडी लावून चालत येण्यापेक्षा कमी नसतो, आणि फेऱ्या मारणाऱ्याचे लक्ष रस्त्यावर नसून कडेला असते, ही गोष्ट पादचाऱ्यांच्या दृष्टीने वाईटच.

म्हणून बाहेरून आत यावे. वर्तुळाच्या कडेपासून मध्याकडे येताना पहिली पूर्णपणे नियमात बसणारी जागा घ्यावी आणि पुढे याहून चांगली मिळेल का याचा विचार सोडून द्यावा. दहा मिनिटे किंवा तीन रस्ते यांपैकी जे आधी संपेल तिथे रस्त्याकडेचा शोध थांबवून, आधी ठरवून ठेवलेल्या वाहनतळाकडे वळावे. ही मर्यादा निघण्यापूर्वीच ठरवलेली असावी. भूक लागलेली असताना आणि मागे हॉर्न वाजत असताना ती ठरवता येत नाही.

ज्या शहरांत रस्त्यागणिक दर वेगळे असतात तिथे दरच मोकळ्या जागांची खूण सांगतात. शूप यांचा आग्रह असा होता की दर इतका ठेवावा की साधारण ८५ टक्के जागा भरलेल्या आणि बाकीच्या मोकळ्या राहाव्यात. २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने सेन्सरांच्या मदतीने मागणीनुसार दर बदलण्याचा प्रयोग याच धर्तीवर सुरू केला. अशा व्यवस्थेत स्वस्त रस्ता म्हणजे कमी मागणी असलेला रस्ता, तेव्हा अ‍ॅपमध्ये दर पाहून सरळ त्याच रस्त्याकडे जावे.

सोबत माणसे असतील तर त्यांना उतरवण्यास परवानगी असलेल्या जागी उतरवावे आणि चालकाने एकट्याने जागा शोधावी; टेबल हातचे जात नाही आणि गाडीतली घाईही कमी होते. दुहेरी रांगेत थांबून चारही इंडिकेटर लावल्याने ती जागा नियमात बसत नाही. निघण्याच्या बेतात दिसणाऱ्या गाडीमागे रस्ता अडवून थांबणे किंवा कोणीतरी पायी उभे राहून जागा ‘धरून’ ठेवणे, हेही टाळावे. नियमाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी भांडणे तिथेच होतात.

वाहनतळ, खासगी आवार आणि व्हॅले

वाहनतळात शिरण्यापूर्वी फाटकाशीच तीन गोष्टी वाचाव्यात: बंद होण्याची वेळ, आतली उंची आणि संध्याकाळचा ठोक दर. ठोक दर ठरावीक तासानंतर आत शिरणाऱ्यालाच मिळतो, म्हणून दहा मिनिटे आधी शिरल्यास कधीकधी पूर्ण दिवसाच्या हिशेबाने पैसे द्यावे लागतात. छतावर सामानाची चौकट असलेली गाडी बऱ्याच जुन्या तळघरांत मावत नाही. गाडी बाहेर काढण्याचे फाटक रात्रभर चालू असले तरी पायी आत येण्याचे दार आधी बंद होते, अशीही व्यवस्था असते. ते दार कोणते आणि परत येताना ते कसे उघडायचे, हे जाण्यापूर्वी पाहून ठेवावे. तिकीट गाडीत न ठेवता खिशात ठेवावे, कारण पैसे भरण्याचे यंत्र बहुधा पादचारी दाराशी असते.

बँक, कार्यालय, शाळा किंवा सुपरमार्केट यांच्या रिकाम्या आवारात रात्री गाडी लावण्याचा मोह होतो. काही मालक संध्याकाळी ती जागा सशुल्क खुली करतात आणि तसा फलक लावतात. असा फलक नसेल तर ती जागा रिकामी असली तरी आपली नाही. परवानगी जागेच्या मालकाने किंवा त्याच्या व्यवस्थापनाने द्यायची असते. शेजारच्या रेस्टॉरंटचा दारवान ‘लावा हो, कोणी काही म्हणत नाही’ असे म्हणतो तेव्हा तो दुसऱ्याच्या जागेबद्दल बोलत असतो, आणि गाडी उचलली गेल्यावर तो उत्तरदायी नसतो.

रस्त्याकडेला कोणी पैसे मागू लागले तर ओळखपत्र आणि छापील पावती मागावी. पावतीवर तारीख, वेळ आणि ठेकेदाराचे किंवा संस्थेचे नाव असावे. पावती नसेल तर पैसे देऊनही ती जागा नियमात बसत नाही, कारण मनाई असलेल्या जागेला परवानगी देण्याचा अधिकार त्या माणसाकडे नाही.

व्हॅलेकडे, म्हणजे रेस्टॉरंटच्या दाराशी किल्ली घेऊन आपली गाडी नेऊन लावणाऱ्या माणसाकडे, किल्ली देण्यापूर्वी गाडी नेमकी कुठे नेली जाते हे विचारावे. स्वतःचे आवार असेल तर उत्तर लगेच मिळते. उत्तर मोघम असेल तर गाडी आसपासच्या रस्त्यावरच लावली जाणार असे समजावे, आणि तिथला दंड सहसा गाडीच्या क्रमांकावर, म्हणजे मालकावर येतो. गाडीच्या नुकसानीची जबाबदारी कोण घेते, सेवा किती वाजता संपते आणि त्यानंतर किल्ली कुठे मिळते, हे कुपनावर लिहिलेले असावे. कुपन घेताना गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढावेत आणि घराच्या किल्ल्या जुडग्यातून काढून घ्याव्यात.

पैसे भरणे, पुरावा ठेवणे, निघणे

अ‍ॅपवरून पैसे भरताना विभागाचा क्रमांक आणि गाडीचा क्रमांक दोनदा तपासावा. मागच्या वेळची दुसरी गाडी निवडलेली राहिली तर पैसे भरूनही दंड होतो. मीटरवर चिकटवलेल्या क्यूआर कोडवरून थेट पैसे भरू नयेत. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन शहरात मीटरांवर बनावट कोड चिकटवलेले सापडले होते आणि ते लोकांना खोट्या संकेतस्थळावर नेत होते. पार्किंगचे अधिकृत अ‍ॅप फोनच्या अ‍ॅप स्टोअरमधून आधीच उतरवून घ्यावे आणि विभागाचा क्रमांक हाताने टाकावा.

मीटरची वेळ आणि थांबण्याची कमाल मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कमाल दोन तास लिहिले असेल तर जेवणातून उठून आणखी पैसे भरल्याने पुष्कळ ठिकाणी मर्यादा वाढत नाही; गाडी तिथून हलवावी लागते. मीटरच्या वेळा आठला संपत असतील आणि आपण साडेसहाला पोहोचलो असू, तर दीड तासाचे पैसे भरले की पुढची रात्र मोकळी असते, मात्र आठनंतर दुसरा कोणता नियम सुरू होत नाही हे फलकावर पाहिलेले असावे. काही यंत्रे जादा भरलेले पैसे दुसऱ्या दिवशी सकाळच्या वेळेत धरतात, तर काही ते नुसतेच घेतात. म्हणून मोजून भरावे.

गाडी लावून झाल्यावर फोनवर तीन फोटो काढावेत: फलक, गाडीसह तो फलक दिसेल असे दृश्य, आणि चाके आखलेल्या रेषांच्या आत आहेत हे दाखवणारे दृश्य. नकाशावर जागेची खूण करावी आणि नियम बदलण्याच्या अर्धा तास आधीचा गजर लावावा. गजर वाजल्यावर बिल मागायला वेळ मिळाला पाहिजे, म्हणून अर्धा तास. दहा मिनिटांच्या गजराने काही साधत नाही.

परत आल्यावर गाडी जागेवर नसेल तर चोरीची तक्रार देण्यापूर्वी वाहतूक पोलिसांच्या मदत क्रमांकावर गाडीचा क्रमांक सांगून ती उचलली आहे का हे विचारावे. उचललेल्या गाडीवर दंडाशिवाय ठेवण्याचे भाडेही चढत जाते, तेव्हा ती शक्य तितक्या लवकर सोडवावी. जाताना नोंदणीची कागदपत्रे आणि ओळखपत्र बरोबर असावे, आणि मद्य घेतलेले असेल तर ती सकाळीच आणावी. काचेवर नोटीस मिळाली आणि ती चुकीची वाटली, तर त्याच रात्री त्याच जागी पुन्हा फोटो काढावेत, विशेषतः झाडाआड गेलेल्या, वाकलेल्या किंवा प्रकाश नसलेल्या फलकाचे, कारण दिवसा तोच फलक स्पष्ट दिसेल. दंड भरणे म्हणजे चूक मान्य करणे असे अनेक ठिकाणी धरले जाते, म्हणून हरकत घ्यायची असेल तर आधी पैसे भरू नयेत, आणि हरकतीची शेवटची तारीख नोटिशीच्या मागच्या बाजूला पाहून फोनमध्ये नोंदवून ठेवावी.